पुसलेलं नाव

पार्सल उघडलं तेव्हा पुस्तकाआधी चिठ्ठीच हाताला लागली. विक्रेत्याने स्वतः लिहिलेली, तिरक्या, नीटस अक्षरात. पुस्तक सुखरूप पोचेल अशी आशा आहे. पुढच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने गिरगटून ठेवलं होतं, ते जपून साफ करून दिलंय. पुस्तक जेकब अ‍ॅबटचं ‘रोलोज म्यूझियम’, मुलांसाठीच्या रोलो मालिकेतलं. बॉस्टन, वीक्स जॉर्डन आणि कंपनी, १८३९. उंचीला वीतभरही नाही, कापडी बांधणी, कण्यावरचं सोनेरी नाव निम्मं उडालेलं. ते ‘गिरगटलेलं’ मी विक्रीच्या फोटोत पाहिलं होतं. एका मुलीचं नाव, मेन राज्यातल्या एका गावाचं नाव, आणि खाली एक घर. घराला दोन खिडक्या, धुराडं, धुराड्यातून वेटोळी घेत वर जाणारा धूर. खरं सांगायचं तर त्या घरासाठीच मी ते पुस्तक घेतलं होतं. आता तिथे नुसतं पान होतं, आणि रबराने जिथे जोर लावला तिथे कागदाची लव उभी राहिलेली. त्या माणसाने मेहनत घेतली होती, त्याचे जास्तीचे पैसेही लावले नव्हते. ‘पुस्तक मिळालं, आभारी आहे’ एवढं मी त्याला कळवलं आणि गप्प बसले.

त्याच्यावर रागावताही येईना. बाजाराच्या रीतीने त्याने माझं भलंच केलं होतं.

जुन्या पुस्तकांच्या धंद्यात नाव लिहिलेली प्रत म्हणजे खोट असलेली प्रत. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पुस्तकापुढे दोषांची जंत्री असते: कण्याची वरची कड झिजलेली, कोपरे दबलेले, फॉक्सिंगचे, म्हणजे जुन्या कागदावर उमटणारे तपकिरी डाग, एक चित्र गेलेलं, आणि ‘आधीच्या मालकाचं नाव’. मालक नावाजलेला असेल तर तोच दोष गुण ठरतो आणि किंमत कुठल्या कुठे जाते. पण नऊ-दहा वर्षांची शाळकरी मुलगी नावाजलेली कशी असणार? कवितासंग्रहांच्या बाबतीत हा हिशेब मी एक वेळ समजू शकते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बालमालिकांना तो लावला की मात्र सगळं उलटंपालटं होतं. रोलो, लिटल प्रूडी, डॉटी डिंपल, ऑलिव्हर ऑप्टिकची बोटी वल्हवणारी मुलं, होरेशिओ अल्जरचे बूटपॉलिशवाले आणि काड्यापेट्या विकणारे, ही सगळी मंडळी मुलांच्या हातात झिजण्यासाठीच छापली गेली. भावाकडून बहिणीकडे, तिच्याकडून शेजारी, तिथून आजारी पोराच्या अंथरुणात. म्हणून आज जी प्रत कोरी करकरीत मिळते ती बहुधा कुणी वाचलेलीच नसते. संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळाली, बैठकीच्या खोलीतल्या कपाटात गेली, तिथेच राहिली. बाजार नेमकी तीच डोक्यावर घेतो. ज्या पुस्तकाला कुणी जीव लावला नाही ते सगळ्यांत महाग.

मीही या बाजारात आहे, त्याची भाषा बोलते, हे लपवण्यात अर्थ नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राहायचं, वूस्टर आणि बॉस्टन हाकेच्या अंतरावर, आणि या पुस्तकांचा नाद नसावा हे माझ्याच्याने झालं नाही. यातली बरीचशी इथेच, बॉस्टनच्या वॉशिंग्टन स्ट्रीटच्या आसपास छापली, बांधली, विकली गेली. आणि पहिली आवृत्ती ओळखण्याची जी विद्या आहे ती मला मनापासून आवडते. या पुस्तकांचा मजकूर एकदा जुळवला की त्याचे धातूचे साचे ओतून ठेवत, आणि त्याच साच्यांवरून वर्षानुवर्षं छपाई चाले. अल्जरच्या १८६८ च्या ‘रॅगेड डिक’चं एखादं पान आणि तीस वर्षांनंतरच्या एखाद्या प्रतीतलं तेच पान शेजारी ठेवा, ओळ न् ओळ जुळू शकते, उशिराच्या पानावर अक्षरांच्या कडा तेवढ्या बोथट झालेल्या असतात. मग पहिली कोणती? शीर्षकपानाच्या पाठीवरचं कॉपीराइटचं साल कामाचं नाही. तेही साच्यातच ओतलेलं, पुनर्मुद्रण कधीचंही असो, तिथे १८६८ च राहणार. कितीतरी विक्रेते तिथेच फसतात आणि प्रामाणिकपणे ‘१८६८’ म्हणून नंतरची प्रत विकतात. बघायचं ते प्रकाशकाचं नाव आणि पत्ता. ‘लोरिंग, ३१९ वॉशिंग्टन स्ट्रीट’ दिसलं की छातीत धडधडतं. मग पुस्तक शेवटून उघडायचं आणि जाहिराती वाचायच्या. ‘रॅगेड डिक’च्या पहिल्या छपाईत मालिकेतलं दुसरं पुस्तक, ‘फेम अँड फॉर्च्युन’, डिसेंबरात येणार असं छापलेलं आहे. ते निघून गेल्याचं किंवा पुढच्या पुस्तकांचं नाव तिथे असेल तर तुमच्या हातातली प्रत नंतरची. गोष्ट कुणी वाचतच नाही. तासन् तास आम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या जाहिराती वाचत बसतो.

साच्यांचं आयुष्य लेखकांहूनही मोठं. लोरिंगचं दिवाळं १८८१ मध्ये निघालं, आणि अल्जरचे बूटपॉलिशवाले फिलाडेल्फियाच्या पोर्टर अँड कोट्सच्या दारी गेले, पुढे स्वस्त पुनर्मुद्रणवाल्यांच्या हाती लागले. रोलोची तर आणखी फरपट. १८३५ मध्ये बॉस्टनच्या जॉन अ‍ॅलनने सुरुवात केली. मग एकामागून एक प्रकाशक, त्यातली फिलिप्स, सॅम्प्सन ही मोठी पेढी १८५९ मध्ये बुडाली. त्या पेढीतल्या विल्यम ली याने पुढे चार्ल्स शेपर्डला बरोबर घेऊन १८६२ मध्ये ली अँड शेपर्ड काढली, आणि ऑलिव्हर ऑप्टिक, ‘लिटल प्रूडी’वाली सोफी मे वगैरे मंडळी घराघरात पोचवली. माझ्या फळीवर कणे ओळीने उभे आहेत त्यांच्याकडे बघताना मला आधी या पेढ्यांचे चढउतार दिसतात, नायक नंतर आठवतात.

पण हे झालं डोक्याचं. हाताला वेगळंच काही कळतं. ब्रिमफील्डच्या जुन्या बाजारात मे महिन्यात पहाटे गेलं की गवत इतकं ओलं असतं की बुटात पाणी शिरतं. तंबूंच्या कनाती अजून अर्ध्याच वर केलेल्या, कुठून तरी कॉफीचा आणि तळणाचा वास, आणि टेबलाखाली ढकललेल्या केळ्यांच्या खोक्यांमध्ये पुस्तकं. गुडघ्यावर बसून खोक्यात हात घालायचा. १८३० च्या दशकातला कागद चिंध्यांपासून केलेला. रोलोचं पान आजही उलटताना खणखणीत वाजतं, दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला की सरळ होतो. त्यानंतर पन्नास वर्षांनी छापलेलं पुस्तक लाकडाच्या लगद्याच्या कागदावरचं. कडा चहाच्या रंगाच्या, नुसतं उघडलं तरी मांडीवर चुरा पडतो. म्हणजे आजोबा धडधाकट आणि नातू अंथरुणाला खिळलेला. पुढच्या चित्रावरचा पातळ कागद असेल तर तो वाऱ्यावर फडफडतो, तो एका बोटाने दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने कोऱ्या पानाकडे जायचं. मी नेहमी आधी तिथेच जाते.

कोऱ्या पानांवर काय काय असतं! ‘नाताळ १८६९, मामाकडून’ हे तर ठरलेलं. हा मामा म्हणजे आई, हे मला वाचताना दर वेळी नव्याने समजावून घ्यावं लागतं. भागाकाराची गणितं. सहीचा सराव, एकाच नावाच्या सहा तऱ्हा. एकीने वहीत चिकटवावं तसं नेच्याचं पान दाबून ठेवलेलं, त्याची तपकिरी सावली समोरच्या पानावर उमटलेली. आणि चोराला दिलेला दम, जो तेव्हाच्या शाळकरी मुलांमध्ये तोंडपाठ होता: प्रामाणिक मित्रा, हे पुस्तक चोरू नकोस, नाही तर फासावर लटकशील. आपल्याकडे पोथीच्या शेवटी ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्’ असतं. पोथीच हात जोडून सांगते, तेलापाण्यापासून सांभाळा, बांधणी ढिली होऊ देऊ नका, मूर्खाच्या हाती देऊ नका. न्यू इंग्लंडमधलं पोर एकदम फाशीवर येतं. पण काळजी तीच. हे माझं आहे, आणि जगात पुस्तकाचे शत्रू फार आहेत.

शत्रू खरंच फार होते, आणि त्यातले काही मोठे, सुविद्य. ऑलिव्हर ऑप्टिक म्हणजे बॉस्टनजवळचे शिक्षक विल्यम टेलर अ‍ॅडम्स. त्यांनी शंभरावर पुस्तकं लिहिली, वर ‘स्टुडंट अँड स्कूलमेट’ मासिक संपादित केलं. ‘रॅगेड डिक’ आधी त्याच मासिकात १८६७ मध्ये क्रमशः आलं. ‘लिटल विमेन’ची लेखिका लुइझा मे अल्कॉट हिने १८७५ च्या ‘एट कझिन्स’ या कादंबरीत नाव न घेता, पण कुणालाही कळेल अशा शब्दांत या पुस्तकांवर झोड उठवली: बूटपॉलिशवाल्यांची आणि पेपरवाल्या पोरांची भाषा, अशक्य साहसं, झटपट श्रीमंती. ऑप्टिकनेही आपल्या दुसऱ्या एका मासिकातून सणसणीत उत्तर दिलं. पुढे ग्रंथपालांनी बाजू घेतली ती अल्कॉटची, आणि अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या फळ्यांवरून अल्जर आणि ऑप्टिक उतरवले गेले. मला अल्कॉट प्रिय आहे. तरी या भांडणात मी ऑप्टिकच्या बाजूला जाऊन उभी राहते. ज्या पोराच्या घरात दुसरं पुस्तक नव्हतं त्याने रात्री दिव्याखाली काय वाचावं हे ठरवणाऱ्यांच्या घरी पुस्तकांना तोटा नव्हता, हे मला टोचतं.

तरीही सगळंच काही बाजू घेण्यासारखं नाही. ‘एल्सी डिन्समोर’ मालिकेचे मार्था फिन्लेने १८६७ पासून १९०५ पर्यंत अठ्ठावीस भाग लिहिले. पहिल्या भागात आठ वर्षांची एल्सी रविवारी ऐहिक गाणं वाजवायला नकार देते, बाप तिला पियानोच्या स्टुलावरून हलू देत नाही, आणि शेवटी ती घेरी येऊन खाली पडते. हा प्रसंग वाचून पिढ्यान् पिढ्या मुली रडल्या. मलाही वाचताना बापाचा संताप येतो. पण स्टुलाभोवतीचं ते घर गुलामांच्या श्रमावर उभं आहे, आणि पुस्तक त्यांना प्रेमळ, समाधानी नोकर म्हणून रंगवून पुढे जातं. तेही यादवी युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर. माझ्याकडे डॉड या प्रकाशकाची जुनी प्रत आहे. तिच्यातल्या ज्या पानांवर मुलीने पेन्सिलीने रेघा मारल्यात त्या सगळ्या एल्सीच्या प्रार्थनांखाली आहेत. स्वयंपाकघरातल्या माणसांची पानं स्वच्छ. ते स्वच्छ असणंही आता माझ्या लेखी त्या प्रतीचाच भाग आहे, आणि ती प्रत काढून टाकावी असं मला वाटत नाही.

अल्जरचं तर आणखी अवघड. हार्वर्डमध्ये शिकलेला, केप कॉडवरच्या ब्रूस्टर गावात युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाचा पाद्री झालेला हा माणूस १८६६ मध्ये तिथून गेला तो मुलांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून. चर्चच्या कागदपत्रांत ते नोंदलेलं आहे. त्यानंतर तो न्यूयॉर्कला गेला, रस्त्यावरच्या पोरांमध्ये फिरला, चिल्ड्रेन्स एड सोसायटीच्या पेपरवाल्या पोरांच्या वसतिगृहात जाऊ लागला, आणि त्यातून ‘रॅगेड डिक’ आलं. हे कळल्यावर डिकची मिस्कील बडबड मला पूर्वीसारखी वाचता येत नाही. लोकांनाही फार काळ हे ठाऊक नव्हतं, कारण १९२८ मध्ये हर्बर्ट मेझ नावाच्या तरुणाने अल्जरचं जे चरित्र लिहिलं ते चक्क रचलेलं होतं. नसलेल्या रोजनिशीचे उतारे देऊन. जवळजवळ अर्धं शतक संदर्भग्रंथ तेच खरं धरून चालले. लेखकाबद्दल बनावट गोष्टी, प्रकाशकांचे बदललेले पत्ते, साच्यातलं फसवं साल. या पुस्तकांच्या छापील भागावर विश्वास ठेवायचा तर प्रत्येक गोष्ट दोनदा तपासावी लागते. पेन्सिलीच्या अक्षरावर मला तसा संशय घ्यावासा वाटत नाही. ज्या मुलीने नाव लिहिलं तिच्या हातात ते पुस्तक होतं, बस.

मधेच एक फळी आहे जिच्यासमोर मी जरा जास्त रेंगाळते. घरबसल्या मुलांना जग दाखवणाऱ्या प्रवासमालिका. हेझेकाया बटरवर्थची ‘झिगझॅग जर्नीज’, त्यातलं ‘झिगझॅग जर्नीज इन इंडिया’ १८८७ चं. थॉमस नॉक्सची ‘बॉय ट्रॅव्हलर्स’. आणि ऑप्टिकचं ‘अक्रॉस इंडिया’, १८९५, ज्यात अमेरिकन मुलांची आगबोट थेट मुंबईला येते. माझ्या आजोबांच्या वडिलांच्या पिढीची मुंबई, न्यू इंग्लंडच्या पोरांसाठी. वाचताना कधी हसू येतं, कधी कानशिलं तापतात; सगळं काही ‘त्यांच्याकडे असं असतं’ या सुरात. पण माझ्या प्रतीत कुणीतरी नकाशातल्या मुंबईवर पेन्सिलीने बारीक फुली मारली आहे. का मारली असेल? इथे जायचंय म्हणून, की पाठ करायचं होतं म्हणून? त्या फुलीने मला ऑप्टिकच्या सगळ्या वर्णनांपेक्षा जास्त विचारात पाडलं.

फ्लोरिडा विद्यापीठात बालसाहित्याचं बाल्डविन ग्रंथालय आहे, आज एक लाखाहून अधिक पुस्तकांचं. ते उभं केलं रूथ बाल्डविन या प्राध्यापक बाईंनी. वडील शेक्सपिअरचे नामांकित अभ्यासक. आईवडिलांनी वाढदिवसाला इंग्लंडहून जुन्या बाळगोष्टींच्या पुस्तिका पाठवल्या, तिथून त्यांचा संग्रह सुरू झाला. त्यांची रीत मला फार आवडते. एकाच पुस्तकाच्या कितीतरी आवृत्त्या त्या घेत, स्वस्त घेत, फाटकी आणि मुलांनी रंगवलेली पुस्तकंही नाकारत नसत. श्रीमंत संग्राहक ज्या प्रतींकडे ढुंकून बघत नव्हते त्या त्यांनी गोळा केल्या, आणि आज मुलं कशी वाचत होती याचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच उपयोगी पडतात. वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी, जुन्या अमेरिकन छापील साहित्याचं संशोधन-ग्रंथालय, माझ्या घराजवळची. तिथेही वाचनकक्षात बसून लहान हातांच्या खुणा बघता येतात. तिथल्या कॅटलॉगच्या नोंदीत मालकाचं नाव दोष म्हणून येत नाही, माहिती म्हणून येतं.

हे सगळं डोक्यात घोळत असताना एका रात्री मी खोलीतला दिवा मालवला, ‘रोलोज म्यूझियम’ टेबलावर उघडं ठेवलं आणि टॉर्च पानाच्या पातळीला, अगदी आडवा धरला. पेन्सिल शिसं सोडते, पण कागद दाबतेही. शिसं रबराने जातं, दाब राहतो. टॉर्च हळूहळू फिरवला तसं आधी धुराडं दिसलं, कारण तिथे तिने जोर लावला होता. मग नावाचं पहिलं अक्षर, गावाच्या नावातले दोन. आडनावावर बहुधा विक्रेत्याने जास्त मेहनत घेतली होती. ते काही केल्या उमटेना. फोटो माझ्याकडे होताच, त्यावरून नाव आणि गाव आम्लविरहित कागदाच्या चिठ्ठीवर उतरवलं, फोटो छापून घेतला, दोन्ही पाकिटात घालून पुस्तकाबरोबर ठेवलं. या पुस्तकात रोलो आणि त्याचे सोबती सापडेल ते गोळा करून घरातल्या घरात संग्रहालय थाटतात. मेनमधल्या त्या मुलीनेही ते वाचून काहीबाही गोळा केलं असेल का, हे मला जाणून घ्यायला आवडलं असतं.

माझा एक संग्राहक स्नेही आहे, इथलाच, वयाने मोठा. अल्जरच्या पुस्तकांबद्दल मला जे येतं त्यातलं बरंचसं त्याने शिकवलेलं. त्याचा ‘अपग्रेड’वर भर: चांगली प्रत मिळाली की आधीची विकून टाकायची. लोरिंगचं १८६९ चं ‘मार्क, द मॅच बॉय’ माझ्याकडे दोन प्रतींत आहे. एक हिरव्या कापडात, नुकती बांधून आणावी तशी. दुसरीचा कणा सुटलेला, एक चित्र गेलेलं, आणि मागच्या कोऱ्या पानांवर कुणा मुलाने सेंटांचा हिशेब मांडलेला: किती मिळाले, किती खर्च झाले, किती उरले. बेरीज एके ठिकाणी चुकलीये आणि त्याने ती खोडून पुन्हा केलीये. पैसे जपून बँकेत टाकणाऱ्या अल्जरच्या पोरांची गोष्ट संपल्या संपल्या याने आपला हिशेब सुरू केला असावा. स्नेही दर भेटीत विचारायचा, ती फाटकी अजून ठेवली आहेस? फळीवर जागा नाही हे खरंच होतं. गेल्या आठवड्यात त्याला कळवलं की एक प्रत काढते आहे, हिरवी. तो म्हणाला, तू उलटं करते आहेस, पुन्हा विचार कर, अशी प्रत परत मिळणार नाही. मी म्हटलं, अशी हिशेबाची तर नाहीच मिळणार. फोनवर थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग त्याने हिरवीची किंमत विचारली, मी सांगितली, आणि ती त्यानेच घेतली.